एका घराचा नकार : पुराआधीच्या सक्तीच्या स्थलांतराचे एक प्रकरण

हे प्रकरण नदीकाठच्या एका वस्तीतले आहे. ठिकाण, नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने आणि किती घाईत झाले ते दिसावे म्हणून वेळा आणि आकडे ठेवले आहेत. शासनाने माणसावर हात टाकायचा तो कधी, किती आणि कुणासाठी, हा यातला मूळ प्रश्न.

पार्श्वभूमी

वस्तीत ८६ घरे. वरच्या धरणातून सकाळी सेकंदाला ९०० घनमीटर विसर्ग चालू होता. रात्री आठनंतर तो २,४०० पर्यंत न्यावा लागेल आणि ते पाणी वस्तीत पोचायला साधारण तीन तास लागतील, असा पहाटेचा अंदाज होता. सगळ्यांत खालच्या आळीत जोत्यावर १.२ ते १.६ मीटर पाणी चढेल असे गणित होते.

सकाळी नऊला क्षेत्र अधिकाऱ्याने सक्तीच्या स्थलांतराचा आदेश काढला. तसा अधिकार त्याला कायद्याने होता. ‘आवश्यक तेवढे बळ वापरून’ असे शब्दही आदेशात होते. ते बळ कुणावर, कितपत आणि कुणाच्या संमतीने वापरायचे, याबद्दल आदेशात अक्षरही नव्हते. असे आदेश बहुतेक वेळा जुन्या आदेशाची तारीख बदलून निघतात, त्यामुळे ही उणीव कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

दुपारी तीनपर्यंत ८५ घरे रिकामी झाली. उरलेल्या एका घरात तिघे होते. ७४ वर्षांचे आजोबा, फुप्फुसाच्या आजारामुळे ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेल्या ७० वर्षांच्या आजी आणि नऊ वर्षांचा नातू. मुलाचे आईवडील कामासाठी दुसऱ्या शहरात. पथकाच्या यादीत या घरासमोर एकच शब्द लिहिला गेला: ‘नकार’.

आजोबांच्या नकाराला इतिहास होता. मागच्या पुरात त्यांनी पहिल्या हाकेला घर सोडले होते. पाणी तिसऱ्या दिवशी ओसरले, पण वस्तीत परत जायला अकरा दिवसांनी परवानगी मिळाली. तोवर घरातली भांडी आणि पंप चोरीला गेले होते, आणि गोठ्यात बांधलेल्या दोन गाई दावणीलाच मेल्या होत्या. जनावरांचे काय करायचे हे निघताना कुणी विचारलेच नव्हते. तक्रार दिली, पोच मिळाली, उत्तर आले नाही.

पेच

पथकाने वेळेचे गणित सुरुवातीला चुकीचे मांडले. सगळे बोलत होते ते रात्री अकराच्या पाण्याबद्दल. खरी मुदत होती संध्याकाळी साडेसहाची, कारण वस्तीतून बाहेर पडायच्या वाटेवरची फरशी, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, ओढ्याच्या फुगवट्याने त्या सुमारास ३० सेंटिमीटर पाण्याखाली जाणार होती. वाहत्या पाण्यात ३० सेंटिमीटरला लहान गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. रुग्णवाहिका म्हणजे सहापर्यंतच. मुदत पुराच्या पाण्यावरून नव्हे, बाहेर पडायच्या वाटेवरून ठरते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पथकाचा सहायक दारात उभा राहून आजोबांना म्हणाला, “तीन मीटर पाणी येणार आहे, छप्पर बुडेल.” अंदाज १.६ मीटरच्या वर नव्हता. घाबरवले की माणूस हलतो, एवढाच त्यामागचा हिशेब. पण ओसरीच्या खांबावर आजोबांनी जुन्या पुरांच्या खुणा खिळ्याने कोरून ठेवल्या होत्या. सगळ्यांत वरची खूण कमरेच्या किंचित वर. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवले, सहायकाकडे पाहिले आणि आत निघून गेले. त्यानंतर खरी माहितीसुद्धा त्यांच्या कानाआड गेली.

चार वाजता तिसरी चूक होता होता राहिली. आळीचा वीजपुरवठा सहाला सुरक्षेसाठी बंद होणारच होता. क्षेत्र अधिकाऱ्याने सुचवले की या घराचा आत्ताच तोडा, यंत्र बंद पडले की आपोआप निघतील. ही सूचना त्याने आजोबांना बोलूनही दाखवली. हात कुणी लावला नाही, म्हणून नोंदवहीत ही ‘समजूत’ म्हणून गेली. प्रत्यक्षात ती आजींच्या श्वासावर दिलेली धमकी होती. खांद्याला धरून बाहेर काढणे हे बळ दिसते तरी, मोजता येते आणि त्याचा जाब विचारता येतो. वीज, पाणी, रेशन, परत येण्याची परवानगी अशा गोष्टी हातात धरून वळवलेले मन मात्र नोंदीत ‘स्वेच्छा’ म्हणून उतरते. चौकशीत पुढे बोट ठेवले गेले ते इथेच.

समोर असलेले पर्याय

पथकप्रमुखाने साडेचारला दहा मिनिटांची बैठक घेतली. चार पर्याय समोर आले.

पहिला, तिघांनाही उचलून नेणे. सहा जणांच्या पथकाला ते शक्य होते. बाजूने मुद्दा असा की आजोबा राहिले तर रात्री त्यांना काढायला जाणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो, म्हणजे प्रश्न एकट्याच्या जिवाचा उरत नाही. विरुद्ध मुद्दा असा की शुद्धीवर असलेल्या, सगळे समजणाऱ्या सज्ञान माणसाला त्याच्याच घरातून त्याच्याच भल्यासाठी ओढून काढणे हे शासनाचे काम आहे का?

या प्रश्नावर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये दिलेले पुलाचे उदाहरण नेमके लागू पडते. पूल मोडका आहे, चालणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे खेचण्यात त्याच्या स्वातंत्र्याला खरा धक्का लागत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छाच नसते. पण अनर्थ अटळ नसून त्याची नुसती शक्यता असेल, तर धोका पत्करायचा की नाही हे त्याने ठरवायचे. इतरांनी फक्त सावध करायचे. मूल, भ्रमिष्ट किंवा विचार करण्याच्या स्थितीत नसलेला माणूस यांना मिलने यातून वगळले आहे. बैठकीत मिलचे नाव कुणी घेतले नाही, पण पथकप्रमुखाने विचारलेला प्रश्न तोच होता: “आजोबांना माहीत नाही की पटत नाही?”

नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा बारावा अनुच्छेदही इथे वाचण्यासारखा आहे. हिंडण्या-फिरण्याच्या आणि राहण्याची जागा निवडण्याच्या स्वातंत्र्यावर निर्बंध कशासाठी घालता येतात, याची त्यात यादी आहे: राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा नीतिमत्ता, इतरांचे हक्क आणि स्वातंत्र्य. ज्याच्यावर निर्बंध घालायचा त्याचे स्वतःचे भले या यादीत नाही. ते ‘सुव्यवस्थे’च्या पोटात कोंबता येते आणि कोंबले जातेही, पण निदान कोंबतो आहोत याची जाणीव हवी.

दुसरा पर्याय, हमीपत्रावर सही घेऊन तिघांना सोडून निघणे. काम सगळ्यांत हलके, म्हणून मोह मोठा. पण अशा सहीने शासनाची वाचवण्याची जबाबदारी संपत नाही. माणसाने इशारा ऐकला, एवढाच तिचा पुरावा. शिवाय नातवाच्या वतीने मृत्यूचा धोका पत्करायचा अधिकार आजोबांच्या सहीला नव्हताच.

तिसरा पर्याय विजेचा. पथकप्रमुखाने तो तिथेच मोडीत काढला. कारण व्यावहारिक होते: यंत्र बंद पडल्यावर आजी किती वेळ तग धरतील हे सांगता येत नव्हते आणि रुग्णवाहिका पोचलेली नव्हती.

चौथा पर्याय बैठकीत शेवटी आला, खरे तर दुपारीच यायला हवा होता: घर म्हणून विचारणे थांबवायचे आणि माणूस म्हणून विचारायचे. दुपारपासून पथकाशी बोलत होते ते फक्त आजोबा. आजींना कुणीही काहीही विचारलेले नव्हते. हक्क व्यक्तीचे असतात असे म्हणायचे आणि यादी मात्र घराची करायची, ही गफलत ८५ घरांत खपून गेली, कारण तिथे सगळ्यांचे उत्तर एकच होते.

काय केले

पथकातली एक कार्यकर्ती आणि परिचारिका पाच वाजता आतल्या खोलीत गेल्या. आजोबांना ओसरीवर बोलण्यात गुंतवले होते. आजी धापा टाकत, पण स्पष्ट बोलल्या: “मला जायचंय. तिथे माझ्या यंत्राला लाइट आहे का, ते सांगा आधी.”

या एका प्रश्नाने प्रकरण वळले. निवारा केंद्रातले जनित्र फक्त दिव्यांपुरते होते. ऑक्सिजनच्या यंत्राला सतत साधारण साडेतीनशे वॅट लागतात आणि ते रात्रभर चालवायचे असते. म्हणजे आजींची भीती रास्त होती, आणि आजोबांच्या नकाराचा निम्मा भागही त्यातच होता. मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागतो, तर दहा लिटरच्या आणि १५० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर, म्हणजे साडेबारा तासांचा साठा असतो. गळती आणि शेवटचा दाब सोडून अकरा तास धरावेत. दोन सिलिंडर मागवले आणि केंद्राऐवजी थेट रुग्णालयात न्यायचे ठरले. ५.३५ ला आजी स्ट्रेचरवर रुग्णवाहिकेत होत्या. बळ वापरावे लागले नाही. लागली ती माहिती आणि दोन सिलिंडर.

नातवाचा निर्णय वेगळा होता. फोनवर आई सापडली, वडील सापडले नाहीत. आवाज मोठा ठेवून सगळ्यांसमोर आईची संमती घेतली आणि वेळेसकट लिहून ठेवली. मुलालाही विचारले. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात मुलाचे हित अग्रक्रमाने पाहा असे सांगितले आहे, तसेच त्याचे मत ऐका असेही. तो म्हणाला, “आजी चाललीय तर मी पण.”

उंबरठ्यावर आजोबांनी त्याचे मनगट धरले. ओरडले नाहीत, नुसते धरून उभे राहिले. पथकप्रमुखाने दोनदा विनंती केली, आईचा आवाज पुन्हा ऐकवला, पकड सुटली नाही. संपूर्ण प्रकरणात प्रत्यक्ष बळ वापरले गेले ते इथे. एका जवानाने आजोबांच्या हाताला कोपराखालून आधार दिला आणि दुसऱ्याने त्यांचा अंगठा हळूहळू बाहेर वळवला. मुठीची पकड अंगठ्याकडून सुटते. बोटे एकेक उचलत बसले तर वृद्धाच्या हाडांना इजा होते, आणि मुलाला दुसरीकडून ओढले तर त्याच्या सांध्याला. मुलाला कुणी ओढले नाही. एकूण ४० सेकंद. आजोबांच्या मनगटावर वळ उठला. परिचारिकेने तो पाहिला आणि लिहून ठेवला. आदेश कुणी दिला, हात कुणी लावला, कुठे आणि किती वेळ, या चार गोष्टी दहा मिनिटांत नोंदवहीत चढल्या.

ही सक्ती कशावर टिकते? मूल स्वतःसाठी असा धोका निवडू शकत नाही, आणि आजोबा त्याच्यासाठी निवडू शकत नाहीत. कायद्याने पालक असलेल्या आईने संमती दिली होती, साधे उपाय करून झाले होते आणि वापरलेले बळ हेतूपुरते होते. कायदा राबवणाऱ्यांनी बळ कसे वापरावे याबद्दलची संयुक्त राष्ट्रांची १९९० ची मूलतत्त्वे हेच सांगतात: आधी बळाविना उपाय, मग लागलेच तर बेताने, आणि इजा झाली तर मदत.

उरले आजोबा. त्यांना सगळे समजते आहे का, हे पाहणे भाग होते. पथकप्रमुखाने आधी सहायकाची चूक मान्य केली: “तीन मीटर म्हटलं ते चुकीचं होतं. दीड मीटरच्या आसपास येईल. तुमच्या खुणेच्या वर, पण माळ्याच्या खाली.” मग अट सांगितली की रात्री प्रवाह ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर पहाटेपर्यंत कुणी येणार नाही. हे सगळे त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावले. आजोबा म्हणाले, “पाणी छातीपर्यंत येईल, मी माळ्यावर बसेन, रात्री बोलावलं तरी तुम्ही येणार नाही. गाई मात्र सोडून द्या.” समजणे, स्वतःला लागू करणे, तोलणे आणि ठरवून सांगणे, या चारही कसोट्यांवर उत्तर उतरले. गाई दोन जवानांनी वरच्या शेतात नेऊन बांधल्या आणि त्याची पावती आजोबांच्या हातात दिली. माळ्यावर पिण्याचे पाणी, विजेरी, शिटी आणि छपराकडे निघायला कुऱ्हाड ठेवली. ६.०५ ला पथक निघाले.

गाई सोडवल्यावर आजोबा निघतील, असे पथकाला वाटले होते. ते निघाले नाहीत.

परिणाम

पाणी ११.१५ ला घरात शिरले आणि जोत्यावर ७० सेंटिमीटरला थांबले, कारण धरणाने विसर्ग २,४०० ऐवजी १,७०० वरच रोखला. रात्री १.५० ला आजोबांचा फोन आला. छातीत धडधडतेय, कुणी येता का. जोते रस्त्यापासून ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे आळीत १.३ मीटर पाणी. वेग सेकंदाला साधारण एक मीटर. खोली आणि वेगाचा गुणाकार १.२ च्या वर गेला की तरबेज माणूसही उभा राहू शकत नाही, असे धरले जाते. होडीचा पर्याय होता, पण अंधारात वाहून येणारे ओंडके आणि पाण्यावर लोंबणाऱ्या तारा पाहता पथकप्रमुखाने नाही म्हटले. आधी सांगून ठेवलेला नकार कागदावर सोपा दिसतो. रात्री दोनला फोन कानाशी धरून तो पाळताना पथकातल्या दोघांनी जायची तयारी दाखवली होती. त्यांना थांबवावे लागले. परिचारिका पहाटेपर्यंत दर वीस मिनिटांनी आजोबांशी बोलत राहिली. ६.१० ला होडी दाराशी लागली. आजोबा थंडीने काकडले होते, बाकी ठीक होते.

महिन्याभराने त्यांनी तक्रार केली: मनगटाचा वळ, खोटी माहिती आणि विजेची धमकी. चौकशीत नातवाच्या बाबतीतले बळ योग्य ठरले. इतर दोन्ही गोष्टींवर ताशेरे आले. वीज तोडली गेली नाही म्हणून धमकी माफ होत नाही, असे चौकशीत स्पष्ट लिहिले गेले. आजोबा आता सगळ्यांना सांगतात की मी राहिलो तेच बरोबर होते. पाणी कमी आले म्हणून ते तसे दिसते एवढेच. विसर्ग ठरल्याप्रमाणे वाढला असता, तर हेच निर्णय दुसऱ्या दिवशी वेगळे दिसले असते, आणि पथकप्रमुखाला वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली असती. निर्णय तोलायचा तो सहा वाजता हाताशी असलेल्या माहितीवर.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत मोठी संधी त्या दिवशी नव्हती, मागच्या पुरानंतर होती. देशांतर्गत विस्थापितांसाठीच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, लोक मागे सोडून जातात त्या मालमत्तेचे रक्षण करा असे स्पष्ट म्हटले आहे. घर सोडायला लावणारे शासन त्या घराचे राखणदारही होते. रिकाम्या वस्तीत पहारा आणि पाणी ओसरल्यावर घर पाहायला ठरावीक तासांची मुभा, एवढे असते तर कदाचित ८६ वे घरही तीन वाजताच रिकामे झाले असते.

आजींना तीन वाजता विचारले असते, तर सिलिंडर धावपळ न करता आले असते. नातवाच्या आईला सकाळीच फोन झाला असता, तर तो दुपारी इतर मुलांबरोबर गेला असता आणि उंबरठ्यावरचे ते ४० सेकंद आलेच नसते. बरीचशी सक्ती उशिरातून जन्मते.

आजोबांना ठेवणे बरोबर होते का, यावर चौकशी समितीतही एकमत झाले नाही. एका सदस्याचे म्हणणे असे की नातू आणि पत्नी नजरेआड झाल्यावर तासाभरात माणसाचा विचार बदलू शकतो, म्हणून फरशी बंद होण्याच्या शेवटच्या क्षणी पुन्हा एकदा विचारायला हवे होते. पथक ६.०५ ला निघाले, फरशी ६.४० पर्यंत चालू होती. ही ३५ मिनिटे वापरली गेली नाहीत, हे खरेच आहे. रात्री जवानांचा जीव धोक्यात येतो म्हणून आजोबांनाही उचलायला हवे होते, हा दुसऱ्या सदस्याचा युक्तिवाद तेवढा टिकत नाही. तो मान्य केला तर अवघड कडा चढणाऱ्या आणि खोल समुद्रात पोहणाऱ्या प्रत्येकाला त्याच कारणाने घरी बसवता येईल.

नकार नोंदवायचा छापील नमुना आता बदलला आहे. आता घरामागे एक ओळ नसून माणसामागे एक ओळ आहे. शेवटचा रकाना आहे ‘एकांतात विचारले की इतरांसमोर?’ पहिल्या सरावात तो रकाना बहुतेक ओळींत कोराच राहिला.